मॅच संपल्यावरचं काम

27 मार्च 2024 च्या रात्री कोल्हापूरजवळच्या एका गावात, आयपीएलच्या सामन्यात मुंबईचा रोहित शर्मा बाद झाल्यावर चेन्नईच्या एका चाहत्याने आनंद साजरा केला. मुंबईच्या दोन चाहत्यांनी त्याला इतकं मारलं की तो वाचला नाही. एवढा राग एका विकेटने येत नाही. तो रोज कुठे पोसला जातो, ते बघायला मी दीपनगरला गेलो.

तिथल्या औष्णिक वीज केंद्रात कंत्राटावर असलेला एक पोरगा मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचं मराठी फेसबुक पेज सांभाळतो. दुसरी पाळी करून आला होता. अंघोळ झाली तरी अंगाचा कोळशाचा वास गेला नव्हता.

काम तसं सरळ. शिव्यांची यादी आधीच भरलेली. तिच्यात बसणारी कमेंट आपोआप लपते. उरलेल्या त्याने हाताने काढायच्या. पण लोक अक्षरांमध्ये टिंबं टाकतात, देवनागरीत रोमन मिसळतात. हार्दिक पंड्याला म्हणतात तो ‘छपरी’ शब्द त्याने कितीतरी स्पेलिंगांनी यादीत घातलाय. हार्दिक तर 2024 मध्ये यांच्याच संघाचा कप्तान होता! वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली, तेव्हा समालोचक संजय मांजरेकरांनी नाणेफेकीलाच प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं. इथे एकेकाला सांगावं लागतं.

“दादा, लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला दिसतेच. त्याच्या मित्रांनाही. त्याला वाटतं, बसली शिवी.” अंगठा चालूच होता. “कोल्हापूरचा तो माणूस 63 वर्षांचा होता. माझ्या बाबांएवढा.”

2021 मध्ये भारत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला गद्दार ठरवलं गेलं. त्याची बाजू घेणाऱ्या विराट कोहलीच्या तान्ह्या मुलीपर्यंत धमकी गेली. असलं लिहिणारे कोण असतात, मी त्या पोराला विचारलं. त्याने एक नाव दाखवलं. “हा आमच्याच गल्लीतला. रविवारी आमच्याकडून टेनिसबॉल खेळतो. समोर एक शब्द बोलत नाही.” मग या पोराने त्याला मेसेज केला: भाऊ, मॅचवर बोल, आईवर नको.

माझ्या मते खरं काम या मेसेजचं आहे, आणि ते एकटा हा पोरगा फुकटात करतोय. 63 वर्षांच्या त्या माणसाला मारणारेही गावातलेच होते. आपला मित्र, भाचा, शेजारी असलं काही लिहितो तेव्हा आपण हसून पुढे सरकतो. त्याच दिवशी त्याला नाव घेऊन टोकायला हवं.