आभासीकरण, संगणकीय : यजमान सर्व्हरची पूर्वसिद्धता

एका भौतिक संगणकाची साधनसामग्री वाटून त्यावर परस्परांपासून स्वतंत्र असे अनेक संगणक एकाच वेळी चालविण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. मूळ संगणकास यजमान आणि त्यावर चालणाऱ्या संगणकांस अतिथी किंवा आभासी यंत्रे म्हणतात. या दोहोंच्या मध्ये राहून प्रक्रियक, स्मृती, डिस्क व जाळे यांची वाटणी करणाऱ्या नियंत्रक आज्ञावलीस हायपरव्हायझर अशी संज्ञा आहे. क्लाउड संगणनात ग्राहकास संगणकशक्ती मागणीप्रमाणे पुरविली जाते व ती बहुधा आभासी यंत्रांच्या रूपात असते. यजमान ग्राहकाच्या दृष्टीआड राहतो. तथापि ग्राहकास मिळणारा वेग, सुरक्षितता व सेवेचे सातत्य ही यजमानाच्या पूर्वसिद्धतेवर अवलंबून असतात. शिवाय एका यजमानावर अनेक अतिथी असल्याने त्याच्या मांडणीतील एक दोष अनेकांना एकदम बाधतो.

इतिहास : आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅचूसेट्स येथील केंद्रात १९६०–७० या दशकात सीपी-४० व सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. त्यांतूनच पुढे व्हीएम/३७० ही प्रणाली विकसित झाली व ती १९७२ मध्ये जाहीर करण्यात आली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणास अनुकूल प्रक्रियकाचा निकष मांडला. यंत्राच्या साधनसामग्रीवर परिणाम करणारी प्रत्येक संवेदनशील आज्ञा अतिथीने दिली असता प्रक्रियकाने ती अडवून हायपरव्हायझरकडे सोपविली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. एक्स-८६ जातीच्या प्रक्रियकांतील काही आज्ञा हा निकष पुऱ्या करीत नव्हत्या. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये अशा आज्ञांचे चालू स्थितीतच भाषांतर करून, तर केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने २००३ मध्ये अतिथी प्रणालीतच बदल करून या अडचणीतून मार्ग काढला. पुढे इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रक्रियकातच आभासीकरणाची सोय केली. तिच्यावर आधारलेला केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

प्रक्रियक : पूर्वसिद्धतेचा आरंभ यंत्राच्या मूलभूत मांडणीपासून, म्हणजे बायॉसपासून होतो. प्रक्रियकात आभासीकरणाची सोय असूनही ती तेथे बंद ठेवलेली असू शकते. लिनक्सवर प्रक्रियकाच्या गुणधर्मांच्या यादीत इंटेलच्या बाबतीत ‘व्हीएमएक्स’ व एएमडीच्या बाबतीत ‘एसव्हीएम’ ही खूण आढळल्यास प्रक्रियकात ही सोय असल्याचे समजते. ती बायॉसमध्ये चालू आहे की नाही, हे केव्हीएमचे घटक गाभ्यात चढवून पाहावे लागते. एखादे जाळेपत्रक थेट अतिथीच्या हवाली करावयाचे असल्यास उपकरणांचा स्मृतिप्रवेश मर्यादित करणारी सोयही सुरू करावी लागते. तिच्या अभावी ते उपकरण दुसऱ्या अतिथीच्या स्मृतीत लेखन करू शकेल.

एका गटातील यजमान शक्यतो एकाच जातीचे असावे लागतात. चालू अतिथीचे एका यजमानावरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना मूळ प्रक्रियकावर उपलब्ध असलेल्या आज्ञा नव्या प्रक्रियकावरही उपलब्ध असणे आवश्यक असते. यजमान भिन्न असल्यास सर्वांना समान असणाऱ्या गुणधर्मांचाच संच अतिथींना दाखविला जातो. त्यामुळे नव्या प्रक्रियकांची काही क्षमता वापराविना राहते.

स्मृती : प्रक्रियकाचा वेळ अनेकांत वाटता येतो, कारण सर्व अतिथी एकाच क्षणी कामात असतातच असे नाही. स्मृतीची गोष्ट वेगळी आहे. प्रत्यक्षात असलेल्या स्मृतीहून अधिक वाटप करून अतिथींनी ती मागितल्यास यजमान स्मृतीतील मजकूर डिस्कवर हलवू लागतो व सर्वच अतिथी मंदावतात. म्हणून यजमानाच्या स्वतःच्या कामासाठी काही स्मृती राखून ठेवतात. उदा., २५६ गिगॅबाइट स्मृतीच्या यजमानावर १६ गिगॅबाइट राखल्यास ८ गिगॅबाइटांची ३० यंत्रे सामावतात. असे पाच यजमान असल्यास एकूण क्षमता १५० यंत्रांची होते. परंतु एक यजमान बंद पडला असता त्याच्यावरील अतिथींना अन्यत्र जागा मिळावी, यासाठी १२० यंत्रेच देणे इष्ट ठरते.

आभासी यंत्रात स्मृतीचा पत्ता दोन टप्प्यांनी शोधावा लागतो. दोन्ही टप्प्यांची कोष्टके चार स्तरांची असल्यास एका शोधासाठी कमाल २४ वेळा स्मृती वाचावी लागते. नेहमीच्या ४ किलोबाइटांच्या पृष्ठांऐवजी २ मेगॅबाइटांची पृष्ठे वापरल्यास एक नोंद ५१२ नोंदींचे काम करते व हा व्याप कमी होतो. अनेक प्रक्रियकांच्या यंत्रात अतिथीचे प्रक्रियक व स्मृती एकाच विभागात ठेवणेही हितावह असते.

जाळे व साठवण : यजमानाच्या जाळेपत्रकाला आभासी पूल जोडून अतिथींची वाहतूक त्यावरून नेतात. व्यवस्थापन, साठवण व ग्राहक यांची वाहतूक वेगळी राखण्यासाठी व्हीलॅन पद्धत वापरतात. तिच्या १२ बिटांच्या क्रमांकातून ४,०९४ जाळीच मिळू शकतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीत २४ बिट असल्याने ही संख्या सु. १ कोटी ६७ लाखांवर जाते. मात्र या पद्धतीत प्रत्येक संदेशास सु. ५० बाइटांचे वेष्टन चढते. अतिथी १,५०० बाइटांचे संदेश पाठवीत असल्यास भौतिक जाळ्याची मर्यादा किमान १,५५० ठेवावी लागते; एरवी लहान संदेश पोहोचतात आणि मोठे अडतात. या दोषाचे निदान सहजासहजी होत नाही.

अतिथींच्या डिस्कांच्या प्रतिमा सर्व यजमानांना दिसणाऱ्या सामायिक साठ्यात ठेवल्यास स्थलांतराच्या वेळी केवळ स्मृती हलवावी लागते. झेनवरील २००५ मधील प्रयोगात एका खेळाच्या सर्व्हरचे असे स्थलांतर केवळ ६० मिलिसेकंदांच्या खंडाने साधले होते. सर्व यजमानांची घड्याळे कालसमन्वयाने जुळलेली असणेही आवश्यक असते. अन्यथा प्रमाणपत्रांची मुदत चुकीची ठरते व नोंदींचा क्रम लागत नाही.

सुरक्षितता : यजमानावर हायपरव्हायझरला अनावश्यक अशा आज्ञावली ठेवीत नाहीत आणि व्यवस्थापनाची द्वारे ठराविक पत्त्यांनाच खुली ठेवतात. प्रत्येक अतिथीच्या प्रक्रियेवर एसई-लिनक्ससारख्या यंत्रणेचे बंधन घातले म्हणजे एका अतिथीतून निसटलेली आज्ञावली दुसऱ्याच्या डिस्कला सहसा स्पर्श करू शकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या एल१टीएफ या दोषांमुळे भिंत प्रक्रियकातच झिरपू शकते, हे दिसून आले. त्यांवरील उपायांनी वेग काही प्रमाणात घटतो. एका गाभ्यावर दोन आज्ञाप्रवाह चालविण्याची सोय बंद करणे, हा त्यांपैकी एक उपाय होय. परस्परांना अपरिचित अशा ग्राहकांचे अतिथी एकत्र ठेवणाऱ्या केंद्रास वेग व विलगता यांत निवड करावी लागते.

गाभ्यातील दुरुस्त्यांसाठी बहुधा यजमान पुन्हा सुरू करावा लागतो. त्यापूर्वी अतिथी अन्यत्र हलवितात. राखीव जागा व समान प्रक्रियक यांची तजवीज आधी केलेली नसल्यास हे शक्य होत नाही आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. म्हणून नवा यजमान सेवेत घेण्यापूर्वी त्यावर चाचणीचा अतिथी चालवून त्याचे स्थलांतर दोन्ही दिशांनी करून पाहण्याची पद्धत आहे.