मत्स्यकन्या आणि आपल्या साती आसरा

मत्स्यकन्या म्हटली की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. हान्स अँडरसनने १८३७ साली तिची करुण कथा लिहिली आणि १९१३ पासून कोपनहेगनच्या किनाऱ्यावर तिचा पुतळा बसलेला आहे. कोलंबसाने तर १४९३ च्या जानेवारीत तीन जलकन्या पाहिल्याची नोंद आहे. मात्र चित्रांत दाखवितात तितक्या त्या सुंदर नाहीत, अशीही त्याची तक्रार होती! त्या बहुधा समुद्रगायी असाव्यात.

परंतु सांगोल्यात, जेथे माणगंगेचे पात्रच वर्षातला बराच काळ कोरडे असते, तेथे हा विषय कशासाठी, असे श्रोते विचारतील. आमचे म्हणणे असे की, आपल्याकडेही जलकन्या आहेत. फक्त त्या विहिरीत राहतात. त्या म्हणजे साती आसरा. विहिरीच्या काठी किंवा डोहाच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. कोठे कोठे त्यांचा भाऊ म्हणून म्हसोबाही शेजारी असतो.

'आसरा' हे 'अप्सरा' या शब्दाचेच झिजलेले रूप होय, आणि अप्सरा म्हणजे मुळात पाण्यात वावरणारी. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि तिच्या सख्या सरोवरात पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहताना पुरूरव्याला भेटतात. इंद्रसभेतील नाच हा पुढचा थाट. आता या सातजणींची परंपरेने सांगितली जाणारी नावे पाहा: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी आणि आणखी दोन. मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी! पाश्चात्त्यांची जलकन्या अर्धी मासळी आहे. आपल्याकडे मासळी ही सात बहिणींपैकी एक आहे आणि सबंध पाणवठाच तिचे माहेर आहे. शेपटी मूर्तीत नाही, नावात आहे.

युरोपातील जलकन्या खलाशांना भुलविते. आसरा तरण्या बायकांना आणि बाळंतिणींना धरतात, अशी समजूत. दुपारी एकटीने पाण्यावर जाऊ नये, पाणी विटाळू नये, हे धाकही त्यांच्याच नावाने. त्या धाकापायी पाणी काही अंशी स्वच्छ राहिले असेल, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि बाळंतिणीला ताप भरला असता 'आसरा लागल्या' म्हणून दहीभात आणि हिरव्या बांगड्या विहिरीवर नेत बसणे, आणि दवाखान्याची वाट उशिरा धरणे, यात कित्येक जीव हकनाक गेले असले पाहिजेत. ओटी भरावयाची तर खुशाल भरावी. डॉक्टर मात्र आधी.

दुष्काळी मुलखात ही देवता इतकी जागती का, हे मात्र सहज उमगते. ज्या विहिरीवर घर, जनावरे आणि पीक तिन्ही अवलंबून, तिच्या तळाशी कोणीतरी राहते असे वाटणारच. आता जागोजागी बोअर झाले. सहा इंचांच्या त्या नळीला ना पायऱ्या, ना काठ. जुन्या विहिरी मात्र अजून आहेत, काही बुजलेल्या, काही झुडपांनी भरलेल्या. आणि त्यांच्या कडेला ते सात दगडही.