द्रवशीतित मोटारसायकल : लेखांक सातवा – नव्या गाडीतील कूलंटची गळती

इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत कशी वाहून नेली जाते, हे गेल्या लेखांकात पाहिले. आता गाडी घरी येऊन पुरते वर्षही झाले नसताना तो प्रवाह कोठेतरी फुटला, तर काय करावे, हा प्रश्न घेऊ. 2008 साली यामाहाची आर 15 आणि 2012 साली चाकणच्या कारखान्यातून केटीएम ड्यूक 200 व पल्सर 200 एनएस या गाड्या बाजारात आल्यापासून हा प्रश्न केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाही.

मुंबईहून नाशिकला येणारा स्वार वैशाखात कसारा घाटात मालट्रकांच्या रांगेमागे अडकला, म्हणजे या यंत्रणेची खरी कसोटी लागते. सुमारे 600 मीटर उंचीवरील इगतपुरीस उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. परंतु रेडिएटरची कॅप द्रवावर वातावरणाहून सुमारे एक बार अधिक दाब राखते, आणि ग्लायकॉलमिश्रित कूलंट त्या दाबाखाली 120 अंश ओलांडूनही उकळत नाही. गळतीने थेंबाबरोबर हा दाबही जातो. म्हणूनच द्रव फारसा उणा झालेला नसतानाही इंजिन तापलेले आढळते.

आता थेंब कोठून आला, याचा तपास. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडीखाली पांढरा कागद पसरून विजेरीच्या प्रकाशात वॉटर पंपाचा तळ पाहावा. तेथे एक बारीक छिद्र असते. पंपाच्या दांड्यावर एका अंगास पाणी अडविणारे सील आणि दुसऱ्या अंगास तेल अडविणारे सील असून, त्या दोहोंमधल्या पोकळीतून हे छिद्र मुद्दाम बाहेर काढलेले असते, जेणेकरून एखादे सील निकामी झाल्यास द्रव बाहेर यावा, इंजिनच्या तेलात मिसळू नये. छिद्राभोवती वाळलेल्या कूलंटचा हिरवट वा पांढुरका थर दिसला, तर पाण्याकडील सील गेले असे समजावे. ते छिद्र एम-सील लावून बुजविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो साफ धुडकावावा. कारण मग पाणी तेलात शिरते, तेल दुधाळ होते आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर इंजिन उघडण्यात होते.

होजच्या टोकाशी ओल असेल, तर क्लिप सैल पडल्याचा संभव अधिक. नवे रबर तापून-निवून दबते. राखीव टाकी वरच्या खुणेपलीकडे भरली असल्यास तापल्यावर जादा द्रव नळीवाटे बाहेर पडतो. ती गळती नव्हे. कॅप मात्र गरम इंजिनावर कदापि उघडू नये.

टाकी पुन्हा भरून देऊन बोळवण करणारे सर्व्हिस सेंटर भेटले, तर तेवढ्यावर राजी होऊ नये. थेंबाची जागा, तारीख आणि किलोमीटर यांची नोंद जॉब कार्डावर करवून घ्यावी व त्याची प्रत जवळ बाळगावी. हमीची मुदत संपल्यावर सील पुन्हा गेले, तर पूर्वीच्या तक्रारीचा तोच एक भक्कम दाखला ठरतो. बोअरचे जड पाणी मात्र टाकीत घालू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतात.

अंगणात सांडलेले कूलंट वाळूने टिपून घेऊन जागा भरपूर पाण्याने धुवावी. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, आणि ते चाटलेले कुत्रे वा मांजर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावते.