‘फ्रेऑन गेला आणि सफाई गेली’?

सर्किट बोर्डावर पांढरट साय दिसली की कोणीतरी जुनाजाणता सुस्कारा सोडतोच, “आमच्या वेळचा फ्रेऑन असता तर!” हे इतक्यांदा ऐकलंय की आता हिशेबच मांडतो.

सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरते ती फ्लक्समधली राळ आणि ॲक्टिव्हेटरचे क्षार. बोर्ड धुवायचा फ्रेऑन म्हणजे सीएफसी-११३. हे द्रावक मुळात सौम्य, आणि क्षारांपुढे तर हातच टेकणारं. म्हणून फ्लक्स काढायला त्यात मिथेनॉल किंवा इथेनॉल मिसळत. त्याचे खरे गुण वेगळे होते. ते पेटत नसे, जेमतेम ४८ अंशांना उकळून झटकन उडे. उडून जाई ते ओझोनच्या मुळावर.

मग पांढरी साय कशाची? आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासलं की राळ विरघळते, पण तशीच सोडली तर अल्कोहोल उडतं आणि राळ-क्षारांचा पातळ थर मागे राहतो. फडक्याने पुसून थांबणं म्हणजे खरकटं ताटभर फिरवणं. बोर्ड तिरका धरा, वरून ताजं आयपीए सोडा, मळ निथळू द्या. आणि हो, तापलेलं सोल्डरिंग आयर्न लांब ठेवून. आयपीएची वाफ पेट घेते.

फ्रेऑनवाचून बोर्ड धुण्याचा प्रश्न कारखान्यांनी तर केव्हाच सोडवला. ओझोन वाचवण्यासाठीचा माँट्रियल करार १९८७चा. १९८८मध्ये एटी अँड टीने संत्र्याच्या सालीतल्या टर्पीनवर आधारलेलं द्रावक पुढे आणलं. कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमने फ्लक्सच बदलला आणि बहुतेक धुणंच वाचवलं. करारानुसार सीएफसीचं उत्पादन विकसित देशांत १९९६पासून, भारतासारख्या देशांत २०१०पासून थांबलं, मोजक्या सवलती सोडून. तरी बोर्ड बनतच राहिले ना?

आता किरकोळ गैरसमज.

‘पाण्याने बोर्ड मरतो.’ मारतो तो क्षार, ओल आणि वीज यांचा संगम. आयनमुक्त पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेला बोर्ड ठणठणीत राहतो. उघडे रिले, बझर मात्र जपा.

‘नो-क्लीन, म्हणजे न धुण्याचा फ्लक्स, वापरला की अवशेष शून्य.’ अवशेष असतो, नीट तापलेला असेल तर निरुपद्रवी असतो. अर्धवट पुसलात तर उलट त्रास देतो.

‘नवं द्रावक म्हणजे निर्धोक.’ एन-प्रोपिल ब्रोमाइड या नव्या द्रावकाच्या वाफेने कामगारांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

‘सीएफसी जड, वर जाणार कसं?’ वारा सगळं ढवळतो. स्थितांबरात ते मोजलेलं आहे.

तेव्हा सुस्कारा सोडायचाच असेल, तर फ्रेऑनमध्ये मिसळलेल्या त्या अल्कोहोलसाठी सोडा. ते अजून दुकानात मिळतं.