तबकडीचा भाव

केसरबाई केरकरांची भैरवी हवी होती आणि ती कुठेच मिळत नव्हती. साल 1977. नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी कार्ल सेगन यांचा छोटासा गट जगभरचं संगीत निवडत होता. भारतातून ‘जात कहाँ हो’ घ्या, असं संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी सुचवलं होतं. पण ती रेकॉर्ड बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली. गटातल्या अॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं, तेव्हा लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन कोऱ्या प्रती निघाल्या. मुळात रेकॉर्डिंगला नाखूश असलेल्या, गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा आवाज असा सूर्यमालेच्या बाहेर गेला.

त्या दुकानदाराने तीन प्रतींचे किती पैसे घेतले असतील? बहुधा छापील किंमतच. आपल्याकडे काय आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आज तीच रेकॉर्ड चोरबाजारातल्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या माणसासमोर धरली, तर तो उत्तर देण्याआधी मोबाइल काढतो. रेकॉर्डींच्या भावात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो फरक पडला, त्याचं निम्मं कारण या एका हालचालीत आहे. दुर्मीळ रेकॉर्डी पूर्वीही होत्या. पण कोणती दुर्मीळ आणि बर्लिनमधला गिऱ्हाईक तिला काय देतो, हे पूर्वी मूठभर लोकांना माहीत असे. 2000 साली अमेरिकेत डिस्कॉग्ज सुरू झालं. आधी ती नुसती रेकॉर्डींची जंत्री होती, पुढे तिथेच खरेदी-विक्री होऊ लागली आणि भाव सगळ्यांना दिसू लागला. रविवारी सकाळी लवकर जाऊन अज्ञानाचा फायदा घ्यायचा, हा संग्राहकांचा जुना धंदा तिथे बसला. माझ्या मते याबद्दल तक्रार करण्याचा हक्क संग्राहकांना फारसा नाही. इतकी वर्षं स्वस्त माल मिळाला तो विकणाऱ्याला किंमत कळत नव्हती म्हणूनच.

अडचण अशी की मोबाइलवर दिसणारा भाव नव्याकोऱ्या प्रतीचा असतो आणि समोरची प्रत चाळीस पावसाळे पाहिलेली. म्हणून खरी घासाघीस कंडिशनवर चालते. सराईत माणूस रेकॉर्ड कडेने धरून कव्हरमधून काढतो, उन्हाकडे तिरकी करतो आणि हळूहळू फिरवतो. केसासारख्या बारीक रेघांनी घाबरायचं नसतं. त्यांचा आवाज फार येत नाही. नखाला लागते ती रेघ वाईट, कारण तिथे पिन उडते किंवा एकाच ओळीत घोटाळत राहते. मग तो लेबलाच्या मधल्या भोकाभोवती बघतो. तिथे चंदेरी चरे असले तर समजायचं की घाईघाईत, भोक चाचपडत, रेकॉर्ड शेकडो वेळा चढवलेली आहे. रेकॉर्ड डोळ्यांसमोर आडवी धरून ती वाकलीय का पाहायचं. शेवटी कव्हर नाकाशी न्यायचं. मुंबईत बुरशीचा वास आला नाही तर विकणाऱ्याकडे थोडं संशयाने पाहायला हरकत नाही. बुरशी रेकॉर्डवरून धुता येते, कव्हरच्या पुठ्ठ्यातून जात नाही, आणि कव्हर गेलं की भाव निम्म्यावर येतो. गाणं ऐकू येण्याशी कव्हराचा काही संबंध नाही, पण बाजार ते मान्य करत नाही.

शेवटचं गाणं संपून लेबल सुरू होतं त्या मोकळ्या पट्टीत काही आकडे-अक्षरं कोरलेली असतात. त्यांच्यावरून ही प्रत कोणत्या साच्यातून निघाली हे कळतं. पहिल्या छपाईची असेल तर भाव वेगळा. हे आकडे वाचायला भिंग लागतं, आणि ज्याच्या खिशात भिंग असतं त्याला दुकानदार सूट देत नाही.

साचा म्हटल्यावर कारखान्यात डोकवावं लागतं, कारण नवी रेकॉर्ड महाग का, याचं उत्तर तिथे आहे. अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा गुळगुळीत थर दिलेला असतो. कटिंग लेथवर ही चकती फिरते आणि तापवलेली टोकदार कटर तिच्यात गाणं कोरत जाते. उजवा आणि डावा आवाज एकाच खाचेच्या दोन भिंतींवर. मग त्या चकतीवर चांदीचा हलका फवारा मारून ती निकेलच्या द्रावणात बुडवतात. विजेच्या प्रवाहाने निकेलचा थर चढतो, तो सोलून काढला की खाचेऐवजी उंचवटे असलेली उलटी प्रतिमा हाती येते. तिच्यावरून पुन्हा सुलटी, सुलटीवरून पुन्हा उलटी. ही शेवटची उलटी म्हणजे स्टॅम्पर. असे दोन स्टॅम्पर वरखाली बसवून त्यांच्यात वाफेने मऊ केलेला पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार होते. दाबायला अर्धं मिनिट पुरतं, पण एक स्टॅम्पर हजारभर प्रतींनंतर झिजतो आणि बदलावा लागतो. लेथवर बसणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. खाच जास्त खोल गेली तर शेजारच्या ओळीत घुसते, उथळ राहिली तर पिन घसरते.

या साखळीतले कितीतरी दुवे नव्वदच्या दशकात तुटले. सीडीपुढे रेकॉर्डी टिकणार नाहीत असं धरून यंत्रं भंगारात गेली. पुढे मागणी परतली, यंत्रं परतली नाहीत. अमेरिकेत 2022 साली 4.1 कोटी रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि 3.3 कोटी सीडी. 1987 नंतर पहिल्यांदा रेकॉर्डीने सीडीला नगांत मागे टाकलं होतं. त्याआधीच, 6 फेब्रुवारी 2020 रोजी, कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी अपोलो मास्टर्सचा कारखाना आगीत बेचिराख झाला. लॅकर लावलेल्या त्या कोऱ्या चकत्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, त्यातला हा एक. उरला तो जपानमधल्या मियादा गावचा. म्हणजे जगभरचा हा पुनर्जन्म एका गावातल्या एका कारखान्याच्या पुरवठ्यावर येऊन ठेपला. त्यात कोविडची टाळेबंदी, पेट्रोलियमबरोबर हलणारा पीव्हीसीचा दर, आणि मोठ्या गायकांच्या लाखो प्रतींच्या ऑर्डरी. अडेल यांच्या ‘30’ या अल्बमच्या पाच लाखांवर प्रती 2021 मध्ये छापल्या गेल्याच्या बातम्या आल्या आणि छोट्या कंपन्यांना सहा-आठ महिने, कुठे वर्षभर, रांगेत थांबावं लागलं. रांग लांबली की दर चढतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

भारतातल्या गिऱ्हाइकाला यावर जहाजभाडं, आयात शुल्क आणि जीएसटी भरावा लागतो. म्हणून परदेशी छपाईची साधी नवी एलपी इथे तीन हजारांच्या आसपास जाते. आपली जुनी हिंदी गाणीदेखील अलीकडच्या काळात बहुतेक युरोपात छापून परत आणली गेली. यात एक जुनी गोष्ट उलटी फिरून आल्यासारखी वाटते. नोव्हेंबर 1902 मध्ये रेकॉर्डिंग इंजिनिअर फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गौहर जान यांना ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा साचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि छापलेल्या तबकड्या बोटीने इथे येत. गाणं संपताना गौहर जान इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगतात, ते हॅनोव्हरच्या कामगारांना लेबल बरोबर लावता यावं म्हणून. पुढे 1908 साली कोलकात्याच्या सियालदहला कारखाना निघाला, 1928 मध्ये डमडमला मोठा निघाला, आणि कित्येक दशकं देशातल्या घराघरांत डमडमचा माल वाजला. 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्यांसाठी लागणारी लाख तर आपलीच, छोटानागपूरच्या जंगलातली. साऱ्या जगाला ती इथून जाई. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, टी-सिरीजने ती भाजीच्या भावात विकली, आणि काही वर्षांत रेकॉर्डींची छपाई थांबली. अलीकडे मुंबईत एक छोटा छापखाना पुन्हा सुरू झाला आहे. डमडमच्या मानाने ते काम चिमूटभर आहे, पण हॅनोव्हरची वारी थोडी तरी टळेल.

जुन्या रेकॉर्डींचं गणित मात्र छपाईवर चालत नाही. चरणजित सिंग यांचंच उदाहरण घ्या. मुंबईच्या चित्रपट संगीतातले हे वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँडचे नवे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, आणि ती पडली. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला दिल्लीत तिची प्रत मिळाली. 2010 मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली आणि शिकागोत अॅसिड हाऊस नावाचं नृत्यसंगीत जन्मायच्या आधीच मुंबईत कुणीतरी ते वाजवून ठेवलंय, म्हणून तिकडचे डीजे थक्क झाले. नवी प्रत आली म्हणून जुनीचा भाव पडला का? उलट चढला. आता सगळ्यांना नाव ठाऊक झालं आणि मूळ प्रती तेवढ्याच. जी रेकॉर्ड खपत नाही तिच्या प्रती कमी, म्हणून चाळीस वर्षांनी तीच महाग. गल्लोगल्ली वाजलेल्या ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड आजही मिळते, फक्त तिच्यात गब्बरच्या बरोबरीने खरखरही बोलते.

आणि आता या बाजारातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. 78 च्या भारतीय तबकड्यांत जगात सर्वांत जास्त किंमत कुणाची? बीटल्सची. इतर देशांनी 78 बंद केल्यावरही आपल्याकडे त्या साठच्या दशकातही छापल्या जात होत्या, कारण वीज नसलेल्या घरांत चावीचा ग्रामोफोनच होता. त्यामुळे बीटल्सची गाणी लाखेच्या तबकडीवर फक्त मोजक्या देशांत आली, त्यात भारत. लंडनमधला संग्राहक अशा एका चांगल्या प्रतीला हजारो डॉलर मोजतो. त्याच डमडमला छापलेली बालगंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी जुन्या बाजारात एखाद्या थाळीच्या पैशात मिळते, कधी तर गठ्ठ्यावर. संगीताच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही. भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी आपल्याकडे नाही याची हळहळ आपण शंभर वर्षं करतो, आणि ज्यांच्या आहेत त्या रद्दीच्या तागडीत जातात. बाजाराच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. 78 वाजवायचं यंत्र घरात नाही, तिचं कव्हर म्हणजे भोक पाडलेला खाकी कागद, भिंतीवर लावून दाखवण्यासारखं काही नाही, आणि हातातून सुटली की तुकडे.

या तबकड्या वाचल्या त्या भावामुळे नव्हे, वेडामुळे. 1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकर तिचे सचिव, व्यवसायाने भौतिकशास्त्राच्या क्षेत्रातले. सभासदांनी एकत्र बसून तबकड्या ऐकायच्या, आकड्यांच्या याद्या करायच्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक काढायचं, असं हे काम. कुठल्या तबकडीवर कोण गातंय, कुठल्या साली, मागच्या बाजूला काय आहे, ही माहिती त्यांनी जमवली नसती तर ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या तीस वर्षांतला मराठी नाट्यसंगीताचा आवाज निव्वळ आठवणींवर राहिला असता. एलपीचा संग्रह पैसेवाल्यांचा छंद होत चालला असताना ही मंडळी दहा रुपयांच्या मालावर पीएचडीच्या तोडीचं काम करत होती.

तेव्हा कमी पैशात संग्रह सुरू करायचा असेल तर 78 कडे वळावं, हा माझा सल्ला, आणि त्यातला खर्च आधीच सांगून टाकतो. एलपीची पिन 78 ला चालत नाही. एलपीची खाच बारीक, तिच्या पिनेचं टोक सुमारे 18 मायक्रॉनचं. 78 ची खाच रुंद, तिला 75 मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. बारीक पिन त्या खाचेच्या तळाशी जाऊन नुसती धूळ वाजवते. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवाल तर प्रत्येक बाजूला नवी पोलादी पिन घाला. एकच पिन पुन्हा वापरली की ती तबकडी खाते. घरातली रेकॉर्ड वाजवायची जुनी फिएस्टा किंवा कॅलिप्सो चालू असेल तर ती कारागिराकडून तपासून घ्या. तिचं हेड जड असतं आणि सुटे भाग आता दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच काढावे लागतात. नवा टर्नटेबल घेताना त्यावर 78 ची गती आहे का, हे आधी विचारा, कारण बऱ्याचशा यंत्रांवर 33 आणि 45 एवढंच बटण असतं. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका, विरघळते. साधं डिस्टिल्ड पाणी, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं ठेवायचं. या तयारीला जो खर्च येईल, त्यात आजच्या भावाने पाच-सहा नव्या एलपी आल्या असत्या. तबकड्या मात्र त्यानंतर पोत्याने मिळतील.