लेखणीची छाया

जुन्या युरोपीय आचार्यांच्या शैलीत लेखणीने व शाईने रेखाटन करू पाहणारा विद्यार्थी बहुधा प्रथम तपकिरी शाई शोधतो. हे अनुकरण कोणाचे? त्या काळची पुष्कळशी शाई मायफळ व हिराकस यांपासून होई. ती कागदावर काळी पडे आणि शतकांच्या ओघात तपकिरी होई. तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती लागते ते केवळ कागदाचे वय.

आचार्यांचा हात शोधायचा तो रेघेत. छाया हवी असेल तर रेघा जवळ आणाव्या लागतात, एकमेकींना छेदाव्या लागतात, हे कोणीही शिकतो. परंतु ड्यूररच्या रेघा नुसत्या दाटत नाहीत; गालावरून, वस्त्राच्या चुणीवरून त्या वळत जातात आणि छायेबरोबर घाटही सांगतात. हा ओघ न उमगता विणलेली जाळी निर्जीव राहते. वृत्त निर्दोष असूनही कविता हरवावी, तसाच हा प्रकार.

रेम्ब्रांटने पिसाच्या लेखणीप्रमाणे बोरूही वापरला. मोडी लिहिणाऱ्या आपल्या कारकुनांचे साधन तेच. मात्र त्यांच्या रेघेला अक्षराचे वळण ठाऊक होते, छायेचे ओझे नव्हे. ते ओझे पेलण्याची पद्धतशीर तालीम मुंबईस १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत मिळू लागली. तेथेच शिकलेल्या म. वि. धुरंधरांची रेखाचित्रे एडवर्ड्सच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’च्या १९१२ च्या आवृत्तीत आहेत. तालीम पाश्चात्त्य खरी. पण लुगड्याच्या निऱ्या कोठे दुमडतात, हे धुरंधरांना मुंबईच्या रस्त्यांवरच पाहावे लागले असणार.