जेठा कोंब आणि ऑक्सिन

कोल्हापूर परिसरात आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. दीड-दोन महिन्यांनी बुंध्यापाशी फुटवे दिसू लागले की अनेक शेतकरी सर्वांत जोमदार असा जेठा कोंबच कापून टाकतात. तो गेला की खालचे डोळे फुटतात आणि फुटवे एकसारखे वाढतात. या जुन्या जाणकारीमागच्या संप्रेरकाचे नाव आहे ऑक्सिन.

चार्ल्स डार्विन यांनी १८८० मध्ये लिहून ठेवले होते, की गवताच्या कोंबाचे टोक झाकले तर तो उजेडाकडे वळत नाही. पुढे १९२६ मध्ये हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांची छाटलेली टोके आगर या जेलीसारख्या पदार्थावर ठेवली. त्या आगरचा तुकडा बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला बसवताच तेवढीच बाजू जास्त वाढली आणि कोंब वाकला. टोकातून झिरपणाऱ्या या द्रव्याला १९३१ मध्ये ‘ऑक्सिन’ हे नाव मिळाले. ग्रीक ‘ऑक्सेइन’ म्हणजे वाढणे, वाढवणे.

या शब्दाचे गोत मोठे आहे. लॅटिन ‘ऑगेरे’ आणि संस्कृत ‘ओजस्’, ‘उग्र’ हे त्याच आदिम धातूचे वंशज. सम्राट ऑगस्टसचे आणि त्याच्यावरून ऑगस्ट महिन्याचे नाव त्याच कुळातले. ‘ऑक्शन’ही तिथलाच, कारण लिलावात बोली वाढत जाते. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे या अर्थाने उसाच्या शेंड्यातल्या रसायनाचे शब्दबंधू ठरतात.

पण वाढवणे हे ऑक्सिनचे अर्धेच काम. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी १९३० च्या दशकात रोपाचा शेंडा खुडून तिथे ऑक्सिन लावले, तेव्हा खालचे डोळे शेंडा शाबूत असल्यासारखे झोपूनच राहिले. शेंड्यातून उतरणारे ऑक्सिन बगलेतल्या डोळ्यांना रोखते. जेठा कोंब कापल्यावर सुटतो तो हाच अटकाव.

वाढीचा अतिरेक तर जीवघेणाच. उसातल्या तणांवर मारले जाणारे टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्सिन आहे. त्याने रुंद पानांची तणे वेडीवाकडी, बेसुमार वाढून मरतात. गवतकुळातला ऊस ते बऱ्याच अंशी पचवतो. पण उसात सोयाबीन किंवा भुईमुगासारखे रुंद पानांचे आंतरपीक असेल, तर हे तणनाशक मारू नये. तणांबरोबर तेही पीक जाईल.